कॉम्प्युटर बंद पडण्याची तयारी

१४ जून १९९९, सोमवार

आजपासून रोजनिशी. मला लिहिता येत नाही, म्हणून मी बोलते आणि वरच्या मजल्यावरच्या इंदुताई लिहितात. मला वाचताही येत नाही, त्यामुळे ही रोजनिशी खुद्द माझ्यापासूनही सुरक्षित आहे.

इंदुताई शाळेतून रिटायर झालेल्या. अट घातली आहे की मी बोलेन तेच लिहायचं, सुधारायचं नाही. हो म्हणाल्या. चेहरा मात्र लाल पेन हातात घेतलेल्या बाईचा होता.

संकल्प असा की छंद लावून घ्यायचा. प्रशांत दर फोनला सांगतो, आई, कशात तरी मन रमव, भजनी मंडळात जा. मंडळात सगळ्या जणी सुनांबद्दल बोलतात. माझी सून न्यू जर्सीला. तिच्याबद्दल काही सुचेपर्यंत भजन संपतं. म्हणून मी वेगळा छंद घेतला. प्रशांतच्या खोलीत त्याचा जुना कॉम्प्युटर दोन वर्षं झाकून पडलाय. तो चालू करायचा आणि चालू ठेवायचा.

याचा प्रशांतच्या आठवणीशी काही संबंध नाही. लोक कबुतरं पाळतात, तसंच हे.

१७ जून

हा कॉम्प्युटर प्रशांतने कुठल्याशा ऑफिसच्या लिलावातून आणला, तेव्हाच तो म्हातारा होता. पडद्यावर हिरवी अक्षरं. स्वतःचं काहीही लक्षात ठेवत नाही. काळी, चौकोनी, पापडासारखी फ्लॉपी तोंडात घातली तरच आपण कोण ते त्याला आठवतं. माझं चहाच्या बाबतीत असंच आहे.

प्रशांत तिथे बसायचा तेव्हा मी चहा घेऊन जायचे आणि कप ठेवायला जागा होईपर्यंत उभी राहायचे. तेवढ्यात सगळं शिकून घेतलं. आधी स्टॅबिलायझर. मग फ्लॉपी घालून तिची कडी खाली. मग बाजूचं लाल बटण. मग हाताची घडी घालून खुर्चीत मागे रेलायचं. हे शेवटचं फार महत्त्वाचं असावं, कारण तो ते कधी चुकवायचा नाही.

आज झाकण उघडलं. आत पाल निघाली, तिची दोन अंडीही. मी न घाबरता झाडूने तिला बाहेर केलं. (पद्मावतीबाई पलंगावर उभ्या होत्या. पाल मी काढली. – इंदु)

२० जून, रविवार

फोन आला. तो रविवारी येतो, पण म्हणून मी सकाळपासून फोनजवळ बसत नाही. भाजी तिथे बसून निवडते, इतकंच. आज मेथीच्या तीन जुड्या निवडून झाल्या, तेव्हा वाजला.

मानसीने "हाय आजी" म्हटलं. चार वर्षांची आहे. तिने इंग्लिशमध्ये बरंच सांगितलं, मी मराठीत बरंच सांगितलं, दोघींचं समाधान झालं. सुनेने, पल्लवीने, गोळ्या घेता ना विचारलं. प्रशांत म्हणाला, फार काम आहे आई, शनिवार-रविवारसुद्धा ऑफिस. कसलं काम रे? म्हणाला, वाय-टू-के. म्हटलं, ते काय असतं? म्हणाला, पुढच्या वेळी सांगतो, मीटिंग आहे.

रविवारी मीटिंग. आमच्या बिदरकडे रविवारी बाजार भरायचा, तिथेही लोकांना बोलायला वेळ असायचा.

३ जुलै

वाय-टू-के कळलं. समोरच्या भाग्यलक्ष्मीने सांगितलं. तिचाही मुलगा अमेरिकेत. त्याने तिच्या घरावर दोन मजले चढवलेत आणि तिसऱ्याच्या सळ्या वर डोकावतायत.

गोष्ट अशी. जुन्या लोकांनी कॉम्प्युटरला वर्षाचे शेवटचे दोनच आकडे शिकवले. आता नव्व्याण्णव संपलं की शून्य-शून्य येणार. मशीनला वाटणार एकोणीसशे साल उजाडलं, आणि ते गडबडून जाणार. बँका, विमानं, लाइट, सगळं ठप्प. भाग्यलक्ष्मी म्हणाली, अन्नी बंद अयिपोतायि, अक्का. सगळं बंद पडणार. आपली पोरं तिकडे तेच दुरुस्त करायला गेलीत. नाही जमलं तर काय करायचं? नोकरीवरून काढतील, परत पाठवून देतील. असं म्हणून तिने पदराने डोळे पुसले.

मी म्हटलं, अरेरे.

घरी येऊन गूळ-शेंगदाणे खाल्ले. बरेच खाल्ले. कशाचा आनंद झाला होता ते आता आठवत नाही.

४ जुलै

थंड डोक्याने विचार केला. प्रशांतने परत यावं असं माझं काही नाही. तो तिथेच राहो, मोठा होवो. पण अमेरिकेतले सगळे कॉम्प्युटर एक जानेवारीला बंद पडणारच असतील, तर इथे हैदराबादच्या विद्यानगरात बसून मी ते कसं थांबवू? तो बिचारा उतरलेल्या तोंडाने घरी येईल. अशा वेळी त्याच्या खोलीत निदान एक कॉम्प्युटर चालू नको का?

नवा निश्चय. दसऱ्याच्या आत मशीन सुरू. दिवाळीच्या आत खोलीला रंग. डिसेंबरात गादी पिंजून घेणे.

इंदुताईंनी विचारलं, आणि सून आणि नात? म्हटलं, त्यांच्यासाठी पण गादी.

१९ जुलै

पडद्याची वायर उंदरांनी खाल्ली होती. इंदुताई आणि मी राणीगंजला गेलो, खैरुद्दीन भंगारवाल्याकडे. त्याच्याकडे कॉम्प्युटर किलोवर असतात, आलूसारखे. मी वायरीचा तुकडा दाखवला. म्हणाला, अम्माजान, ये कायकू होना तुमकू? इसका जमाना गया. मी म्हटलं, मेरा भी गया, फिर भी चल रही हूं ना? हसला, आणि ढिगात असा शिरला की बाहेर नुसत्या चपला दिसत होत्या.

वायर मिळाली. तिच्याबरोबर त्याने एक कीबोर्डही गळ्यात मारला. आपला कीबोर्ड चांगला आहे म्हटलं, तर म्हणाला, रख लो अम्मा, स्टेपनी. त्याला बटणं कमी आहेत. पण मला लागतं उजव्या हाताचं मोठं बटण, ते आहे. उरलेली शिकलेल्या लोकांसाठी.

९ ऑगस्ट

चालू झालं!!! (उद्गारचिन्हं त्यांनी मोजून मागितली. – इंदु)

आधी घुर्र. मग एक बीप. मग फ्लॉपीने दात खाल्ल्यासारखा आवाज केला आणि पडद्यावर हिरवी ओळ आली. इंदुताईंनी वाचून दाखवली. म्हणे, आज मंगळवार, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, आणि खरी तारीख काय ते सांगा.

या मशीनच्या पोटात घड्याळच नाही. दर वेळी जागं झालं की त्याला ऐंशी सालचा पहिला दिवस वाटतो. इंदुताई म्हणाल्या, मी आजची तारीख घालते. मी त्यांचा हात धरला. ऐंशी साली प्रशांत नऊ वर्षांचा होता. हे संध्याकाळी सिकंदराबादहून ड्यूटी संपवून यायचे, फाटकाशी सायकलची घंटी वाजवायचे आणि घरात दोन माणसं एकदम भूक लागली म्हणून ओरडायची. मला त्या तारखेबद्दल काही तक्रार नाही. मोठं बटण दाबलं, पुढे गेलो.

शिवाय मोठा मुद्दा. जगातले कॉम्प्युटर जानेवारीत बंद पडतील. याला दोन हजार सालापर्यंत पोचायला अजून वीस वर्षं आहेत. सगळ्या हैदराबादेत हा एकच टिकणार. प्रशांतला केवढं कौतुक वाटेल.

२ सप्टेंबर

दुपारी दोन तास कॉम्प्युटर. प्रगती काही नाही, बिघाडही नाही.

पडद्यावर शेवटी जे येतं ते मला आता ओळखता येतं. घराच्या आढ्यासारखं एक अक्षर, दोन ठिपके, तिरकी रेघ, मग चोच. चोचीपुढे एक बारीक रेघ लुकलुकत असते. इंदुताई म्हणतात, ती हुकुमाची वाट बघते. काय हुकूम देऊ? या घरात हुकूम ऐकायला कुणी राहिलं नाही, त्याची सवयच गेली. ती माझी वाट बघते, मी तिच्याकडे बघते. चार वाजता दूधवाला येतो, मग आम्ही उठतो.

मला हे आवडतं. टीव्हीवरच्या बाया माझ्याकडे बघून कधी थांबत नाहीत.

२५ सप्टेंबर, शनिवार

भाग्यलक्ष्मीने चिलकूरच्या बालाजीला नेलं. हा व्हिसा देणारा देव. अकरा फेऱ्या घालून मागायचं, मिळालं की येऊन एकशेआठ घालायच्या. सगळी पोरं-पोरी पासपोर्ट खिशात घालून भराभरा फिरत होती. भाग्यलक्ष्मीने मागितलं, माझ्या मुलाचं काम यशस्वी होऊ दे, नोकरी टिकू दे. मोठ्याने मागितलं, तेलुगूत.

मी मनात मागितलं. जो व्हिसा देऊ शकतो तो परतही घेऊ शकतो, एवढंच माझं म्हणणं. उलटं मागायचं आहे तर उलट्या फेऱ्या घालाव्यात का, असा प्रश्न पडला. दोन पावलं उलटी टाकलीही, पण समोरून अमेरिकेला निघालेली एवढी गर्दी आली की तिनेच मला वळवून सरळ केलं. अकरा फेऱ्या त्यांच्याच दिशेने झाल्या. देवाला मनातलं कळतं.

एकाच देवापुढे दोघी शेजारणी, आणि मागणी अशी. त्याची पंचाईत झाली असेल. तो मोठा आहे, बघून घेईल.

१८ ऑक्टोबर, खंडेनवमी

हत्यारांची पूजा. यांच्या वेळी हातोडी, पाना, सायकल मांडायचो. यंदा मी कॉम्प्युटर मांडला. झेंडूची माळ घातली. पडद्याला गंध लावलं. मग वाटलं, खरं डोकं फ्लॉपीत आहे, तीच कोरडी राहिली. तिच्या पाकिटाला एक लांबट खिडकी असते, तिच्यातून आतली तपकिरी तबकडी दिसते. अगदी कपाळासारखी. तिथे हळद लावली, कुंकू लावलं, दोन अक्षता चिकटवल्या. फार शोभून दिसली.

नमस्कार करून म्हटलं, बाबा, आता दोनच महिने.

१९ ऑक्टोबर, दसरा

सुरू होत नाही.

घुर्र होतं, बीप होते, मग कुणी वाळू चावावी तसा आवाज. पडद्यावर एक ओळ येते. इंदुताईंनी वाचली आणि म्हणाल्या, चांगलं काही नाही, राहू द्या. त्या म्हणतात, फ्लॉपीच्या खिडकीत बोटसुद्धा लावायचं नसतं. मग खिडकी कशाला ठेवली? सणाचा दिवस आहे, मशीनने सुट्टी घेतली असेल.

३० ऑक्टोबर

सुट्टी लांबली आहे. फ्लॉपी ओल्या फडक्याने पुसली, त्याने कुंकू सारखं पसरलं. खैरुद्दीनकडून दुसऱ्या फ्लॉप्यांचा गठ्ठा आणला. एकेक घालून पाहिली. सगळ्या त्याच्या दुकानासारख्याच, आत काय आहे ते त्यांनाही माहीत नाही.

दोष फ्लॉपीचा नसावा. मशीनच्या आतल्या पट्ट्यांना कडेला पिवळे दात आहेत, ते काळवंडलेत. पितळेवर आपलं औषध ठरलेलं. सगळ्या पट्ट्या उपसून चिंच लावून घासल्या. देवघरातल्या समईसारख्या लखलखल्या. इंदुताई म्हणाल्या, नीट वाळू द्या. म्हटलं, समई काय वाळवत बसतो का आपण?

धूर फार नव्हता. अगरबत्तीएवढाच. (शेजारचे लोक आले होते. – इंदु)

७ नोव्हेंबर, रविवार, लक्ष्मीपूजन

फोन आला. प्रशांतचा आवाज बसला होता. डिसेंबरात येतोस का विचारलं. म्हणाला, आई, कसं शक्य आहे? एकतीस तारखेला सगळ्यांना ऑफिसात राहायचंय. झोपायच्या पिशव्या नेणार आहोत. म्हटलं, काय होणार आहे असं? म्हणाला, होऊ नये, पण काही झालंच तर.

काही झालंच तर. तोच म्हणाला, मी नाही. इतका शिकलेला मुलगा उगीच का बोलेल?

दिवे लावले. दारात रांगोळी काढली. कुणी येणार नव्हतं, म्हणून लहान काढली.

२१ नोव्हेंबर

खोलीला रंग दिला. फिकट हिरवा, त्या अक्षरांच्या जवळचा. कॉम्प्युटर पुसून टेबलावर ठेवला. तो बंद आहे हे मी आता बिघाड मानत नाही. उलट बरंच झालं. चालू मशीन बघून प्रशांत काय करेल? वा म्हणेल आणि उठेल. बंद मशीन असलं की तो झाकण उघडणार, पेचकस मागणार, जेवायला हाका मारल्या तरी येणार नाही. चांगला बिघाड असेल तर आठ-पंधरा दिवस सहज जातील. माझ्या हातून झालेला बिघाड अव्वल दर्जाचा आहे असं इंदुताईसुद्धा म्हणतात.

हे सगळं मी ठरवूनच केलं असं म्हणायला हरकत नाही.

१२ डिसेंबर

मधले दिवस कोरे आहेत. इंदुताईंशी भांडण झालं. गादीवाला आला होता, कापूस पिंजत होता. मी चार उशाही सांगितल्या. तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, पद्मावतीबाई, त्या मुलाची नोकरी जावी असं वाटतं का तुम्हाला? मी म्हटलं, तुम्हाला मूल नाही, तुम्हाला काय कळणार. बोलू नये ते बोलले. त्या वर निघून गेल्या.

या दिवसांत मी रोज संध्याकाळी रोजनिशी बोलत होते. फक्त कुणी लिहीत नव्हतं. एकदा फार चांगलं बोलले होते, आता आठवत नाही.

काल पुरणपोळी घेऊन वर गेले. त्या म्हणाल्या, साखर कमी आहे. म्हणजे राग गेला.

३१ डिसेंबर १९९९, शुक्रवार

तयारी पूर्ण. पाण्याच्या घागरी, बादल्या, पातेली, सगळं भरलं. मेणबत्त्या. बेगम बाजारातून तांदूळ, डाळ, आणि प्रशांतला आवडतात म्हणून काजू. भाग्यलक्ष्मीनेही पाणी भरलंय. सकाळपासून तिचे ओठ हलतायत. मला म्हणाली, अक्का, तुम्ही पण प्रार्थना करा. म्हटलं, करतेच आहे.

सिकंदराबाद स्टेशनवर उतरला की रिक्षा करेल, की विमानाने येईल? विमानं तर बंद असतील. मग कसा येईल, हा विचार आज पहिल्यांदाच आला. बघू. तो इंजिनियर आहे.

जागायचं नाही. लवकर झोपणार.

१ जानेवारी २०००, शनिवार, सकाळ

नळाला पाणी आलं. दूध आलं. लाइट एरवी रोज जातो, तो आज गेला नाही. इंदुताई कोपऱ्यावरच्या बँकेपर्यंत जाऊन आल्या. वॉचमन म्हणाला, सगळं ठीक आहे, मांजी. फोनचा रिसीव्हर उचलला तर आवाज येतो. तीनदा उचलला.

पण घाई नको. तिकडे आपल्या मागून दिवस उजाडतो. अमेरिकेत अजून काल आहे.

१ जानेवारी, संध्याकाळ

आता तिकडेही उजाडलं. टीव्हीवर सगळ्या देशांचे फटाके दाखवले. एकही देश अंधारात नाही. बातम्या देणारी बाई इतकी हसत होती की मी आवाज बंद केला.

भाग्यलक्ष्मी नारळ घेऊन आली. पाया पडली, रडली, हसली. मीही तिच्या तोंडात साखर घातली. ती गेल्यावर घागरी रिकाम्या केल्या. एवढं पाणी कुणाला लागणार. तुळशीला, मोगऱ्याला, मग नुसतं अंगणात ओतलं. इंदुताई बादल्या धरत होत्या.

२ जानेवारी, रविवार

प्रशांतचा फोन. पहिल्यांदाच त्याला घाई नव्हती. म्हणाला, आई, काही म्हणजे काही झालं नाही. आम्ही सगळे पडद्यांकडे डोळे लावून बसलो, आणि कुठे एक बटण अडेना. शेवटी साहेबाने पिझ्झा मागवले. लोक म्हणतायत, उगीच बाऊ केला होता. अगं, दोन वर्षं राबलो ते याचसाठी ना? कुणाला काही कळूच नये म्हणून.

एवढं हसू त्याच्या आवाजात मी फार वर्षांनी ऐकलं. म्हणजे बंद पडू न देणं हेच त्याचं काम होतं. भाग्यलक्ष्मीने हे मला जुलैतच सांगितलं होतं. मी त्यातलं माझ्या सोयीचं तेवढं घरी आणलं.

म्हणाला, कंपनी ठेवून घेतेय. ग्रीन कार्डाचे कागद सुरू करतील. घर बघतोय, मागे अंगण आहे, तू सहा महिने ये. म्हटलं, बघू. मग विचारलं त्याने, तुझ्याकडे काही बंद पडलं का गं?

म्हटलं, नाही रे बाबा. सगळं चालू आहे.

फोन ठेवला तेव्हा इंदुताई जिन्यातच उभ्या होत्या. काय म्हणाला, विचारलं त्यांनी.

म्हटलं, पास झाला.